'याले कुठं तरी ठेवून घ्या': किशोरवयीन मुलांच्या व्यसनाच्या उपचारात आई-वडिलांचा वाटा

बुलढाणा जिल्ह्यात शाळकरी मुलाच्या व्यसनाचे प्रकरण आमच्याकडे येते तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्याने होते. "म्याडम, याले कुठं तरी ठेवून घ्या. आमचं काईच ऐकत नाई." बोलणारी आई असते. वडील आलेले नसतात, किंवा आलेले असले तर बाहेर चहाच्या टपरीवर थांबलेले असतात. मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. घरात चोरी, शाळेतून पळणे, रात्री उशिरा येणे, भांडी फेकणे हे सगळे वर्ष-दोन वर्षे सहन करून झालेले असते आणि मायबाप थकलेले असतात. त्यांच्या त्या थकव्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण मुलाला कुठे तरी ठेवून, दुरुस्त करून, परत घेऊन जाता येईल ही त्यांची समजूत चुकीची आहे. उपचार कुणाचा आणि कुठे करायचा, याची माहिती पालकांना आधीच असावी यासाठी हा लेख आहे.

येथे आम्ही साधारण 12 ते 18 वयाच्या मुलामुलींबद्दल बोलत आहोत. आपल्या भागात या वयात दिसणारे पदार्थ म्हणजे तंबाखू, खर्रा, बंदी असूनही मिळणारा गुटखा, दारू, गांजा आणि पंक्चर जोडायचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर यांसारखे हुंगायचे पदार्थ. व्यसन आणि वर्तन या दोन गोष्टी या वयात क्वचितच वेगळ्या येतात. कधी पुडीसाठी पैसे हवेत म्हणून चोरी सुरू होते, तर कधी शाळेत सतत नापास होणारे, घरात मार खाणारे पोर आधी बिथरते आणि पुडी नंतर येते.

आकडे काय सांगतात

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. हुंगायच्या पदार्थांबाबत त्यातली नोंद पालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. हे पदार्थ वापरणाऱ्यांचे प्रमाण 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, तर प्रौढांत 0.58 टक्के आढळले. मुलांमधले प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेला हा एकच प्रकार होता. कारण उघड आहे, सोल्यूशनची ट्यूब स्वस्त असते, दुकानात कुणी अडवत नाही आणि तोंडाला दारूचा वास येत नाही. तंबाखूचे तर विचारायलाच नको. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते, आणि धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी तो वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच तोंडात टाकला होता. दहा वर्षांचे पोर तंबाखू शिकते ते बहुधा घरात किंवा गल्लीत. "जा रे, दोन पुड्या घेऊन ये" असे सांगून बापानेच त्याला पानटपरीची वाट दाखवलेली असते.

ठेवून घेतल्याने काय होते

आमच्या कामाच्या पहिल्या वर्षी आम्हीही हीच चूक केली. सोळा वर्षांचा एक मुलगा होता. (ओळख पटू नये म्हणून येथे सर्वच मुलांचे तपशील बदलले आहेत.) गांजा आणि दारू दोन्ही चालू होते, घरात हाणामारी होत होती. आई-वडिलांनी कर्ज काढून त्याला दूरच्या एका खासगी केंद्रात तीन महिने ठेवले आणि आम्हीही त्याला होकार दिला. तिथे त्याची खोली चाळिशीतल्या दारुड्यांसोबत होती. तिथून तो वजन वाढवून, व्यवस्थित बोलायला शिकून आला. घर मात्र जसेच्या तसे होते. वडील रोज संध्याकाळी पिऊन येत होते, आई लपवून पैसे देत होती, आणि गावातले जुने मित्र पारावर बसलेले होते. दीड महिन्यात सगळे पहिल्यासारखे झाले. त्यात आणखी एक भर पडली होती. पूर्वी ठाऊक नसलेल्या गोळ्यांची नावे त्याला आता ठाऊक झाली होती. त्या तीन महिन्यांत आम्ही त्याच्या आई-वडिलांना एकदाही भेटलो नव्हतो.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. अमेरिकेतील थॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष मांडला. बिघडण्याच्या वाटेवर असलेल्या मुलांना एकत्र बसवून, चांगले प्रशिक्षक देऊन वर्ग घेतले, तरी पुढच्या काळात त्या मुलांचे तंबाखूचे प्रमाण आणि वर्तनाच्या तक्रारी वाढल्या. मुले एकमेकांच्या उनाडकीला हसून दाद देतात आणि ती दाद प्रशिक्षकाच्या शिकवणीपेक्षा भारी पडते. त्याच प्रकल्पात पालकांसोबत केलेल्या कामाचा मात्र फायदा दिसला.

आपल्या देशात कुटुंबाला उपचारात घेण्याची परंपरा जुनी आहे आणि ती परदेशातून आलेली नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. रुग्णाची काळजी कशी घ्यायची हे घरचे लोक तिथेच शिकले आणि रुग्ण घरी परतू लागले. महाराष्ट्रात 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाइतकेच त्याच्या घरच्यांकडे लक्ष दिले. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' हा गट चालतो. आता संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानेही किशोरवयीनांसाठी 'ट्रीटनेट फॅमिली' नावाची कुटुंबासह उपचाराची पद्धत तयार केली आहे, आणि ती कमी साधने असलेल्या देशांसाठीच आहे.

पन्नास रुपयांचे भांडण

घरात नेमके काय चाललेले असते हे अमेरिकेतील ओरेगनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून, निरीक्षण करून मांडले. त्यांचे म्हणणे आम्ही पालकांना आपल्या घरचे उदाहरण देऊन समजावतो.

मुलगा पन्नास रुपये मागतो. आई नाही म्हणते. तो आवाज चढवतो, आईही चढवते. तो ताट आपटतो, शेजारी डोकावतात. आई पदराची गाठ सोडते आणि पैसे देते. घर शांत होते. आता पाहा, मुलगा काय शिकला? ताट आपटले की पैसे मिळतात. आणि आई काय शिकली? पैसे दिले की घर शांत होते. दोघांनाही आपापल्या परीने बक्षीस मिळाले, म्हणून उद्या हेच पुन्हा घडणार आणि परवा ताटाच्या जागी टीव्ही असणार. रात्री वडिलांना कळते, ते मुलाला पट्ट्याने झोडतात. सकाळी त्याच्या पाठीवरचे वळ पाहून आईच्या पोटात तुटते आणि ती आणखी पन्नास रुपये देते.

यात खलनायक कुणी नाही. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण 'पालकांना सहभागी करा' म्हटले की गावात त्याचा अर्थ 'आईचे चुकले' असा लावला जातो. सासू तेच म्हणते, शिक्षक तेच म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. मुलाच्या हातातली पुडी आईने ठेवलेली नसते. पण हे चक्र कुठे तरी मोडायचे तर त्याची सुरुवात घरातल्या मोठ्यांकडून करणे सोपे जाते, एवढेच खरे.

पालकांनी करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट व्यसनाशी थेट संबंधित नाही, पण आम्ही पहिल्याच भेटीत ती करायला लावतो. घरातली फवारणीची औषधे कुलूपबंद करा. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीच्या घरात कीटकनाशकाची बाटली कोपऱ्यात पडलेली असते. नशेत किंवा नशा उतरताना, भांडणानंतरच्या रागात पोराचा हात तिथे जाऊ शकतो. "मरून जाईन" हे शब्द कधीही नाटक समजू नयेत.

दुसरी गोष्ट सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलांबाबत. तो हुंगताना सापडला तर ओरडत त्याच्या मागे धावू नका. या रसायनांच्या प्रभावाखाली हृदयाची लय बिघडलेली असते. अचानक भीती किंवा धावपळ झाली तर पहिल्या-दुसऱ्या वेळेलाही मृत्यू येऊ शकतो. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत आणा, बसवा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवून 108 ला फोन करा.

त्यानंतर रोजचे काम. घराचे नियम दोनच ठेवा, पण रोज पाळता येतील असे. उदाहरणार्थ, रात्री आठला घरी यायचे आणि रोख पैसे हातात मिळणार नाहीत, वही-पेन-बसभाडे घरचे लोक स्वतः देतील. नियम मोडला तर परिणाम छोटा आणि आधीच सांगितलेला असावा, दुसऱ्या दिवशी मोबाइल नाही इतपत. आई एक सांगते, आजी गुपचूप दुसरे करते, असे झाले तर नियम नसल्यातच जमा. म्हणून आजी-आजोबांनाही बैठकीला बोलवावे लागते. आमच्या अनुभवात सगळ्यात कठीण बैठक आजीची असते.

मारू नका. हे फक्त दयेपोटी सांगत नाही आहोत. मार खाल्लेले पोर घरी यायचे टाळते, आणि घराबाहेर त्याला कोण भेटते हे आपल्याला ठाऊक आहे. मूल दिवसभर कुठे असते, कुणासोबत असते हे माहीत असणे या वयात फार मोलाचे असते. पण ही माहिती मिळते कशी? स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी 2000 साली दाखवले की पालकांना जे माहीत असते त्यातले बरेचसे मुलाने आपणहून सांगितलेले असते. खिसे तपासून, मागावर राहून तेवढे कळत नाही. म्हणून आम्ही पालकांना एक काम देतो. दिवसातून दहा मिनिटे मुलाजवळ बसायचे आणि त्या दहा मिनिटांत व्यसन, अभ्यास, पैसे यांचे नावही काढायचे नाही. क्रिकेट, गाडी, बैल, काहीही चालेल. एका वडिलांना हे फार हास्यास्पद वाटले होते. "याच्याशी काय बोलू, मले काई सुचतच नाई," ते म्हणाले. चौदा वर्षांत ते मुलाशी कामाशिवाय बोललेच नव्हते.

चांगले दिसले की त्याच वेळी बोलून दाखवा. वेळेवर आला, आजीला पाणी दिले, शाळेत गेला, एवढ्यावरही. आपल्याकडे कौतुक केले तर पोर लाडावते असे मानतात. ज्या मुलाने वर्षभर फक्त शिव्या ऐकल्या आहेत त्याचे लाडावण्याचे दिवस अजून फार लांब आहेत.

पुन्हा पुडी सापडेल. ती सापडण्याआधीच तेव्हा काय करायचे ते ठरवून ठेवा. कुणाला फोन करायचा, त्या रात्री काय बोलायचे नाही, दुसऱ्या दिवशी कुठे जायचे. घसरण झाली की अनेक कुटुंबे उपचारच सोडून देतात. खरे तर ती उपचाराच्या वाटेवर येणारच असते.

आणि काही गोष्टी अजिबात करू नयेत. 'न सांगता व्यसन सोडवा' अशा जाहिरातींमधली पावडर भाजीत मिसळू नका. त्यात दारूशी रिअ‍ॅक्शन येणारे औषध असेल आणि मुलगा त्यावर दारू प्यायला तर जिवावर बेतू शकते. बांधून ठेवू नका, बाबा-बुवांकडे नेऊ नका. 'लग्न करून दिले की सुधारेल' हा सल्ला देणाऱ्याला विचारा, त्या मुलीचे काय?

बिथरण्याच्या मागे कधी कधी आजार असतो. अभ्यासातली अक्षमता, अतिचंचलता, नैराश्य हे मानसोपचारतज्ज्ञाने तपासल्याशिवाय कळत नाही. अशा मुलाला घरचे कितीही चांगले वागले तरी औषधाची किंवा विशेष शिक्षणाची गरज असतेच.

वडील येत नाहीत तेव्हा

हा प्रश्न आमच्या कामातला सगळ्यात मोठा आहे. काही वडील पुण्या-सुरतेला कामावर असतात. काही सोयाबीनच्या काढणीत असतात. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातून बुलढाण्याला येणे म्हणजे पूर्ण दिवस आणि एक मजुरी बुडणे. आणि काही वडील स्वतः पितात, म्हणून येत नाहीत. आपल्यालाच आधी सोडायला सांगतील अशी त्यांना भीती असते, आणि ती अगदीच खोटी नाही.

अशा वेळी 'दोघे आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही' असे सांगून आईला परत पाठवणे चूक आहे. मायामीतील होसे शापोचनिक यांनी 1980 च्या दशकात, व्यसन करणाऱ्या किशोरवयीनांच्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या कुटुंबांबरोबर काम करताना, सगळे कुटुंब एकत्र बसवून आणि कुटुंबातील एकाच व्यक्तीसोबत बसून केलेल्या उपचारांची तुलना केली. एका व्यक्तीसोबत केलेले कामही जवळजवळ तितकेच उपयोगी ठरले. एकाने आपली वागण्याची पद्धत बदलली की बाकीच्यांना जुन्या पद्धतीने वागणे अवघड जाते. म्हणून एकटी आई, मोठी बहीण, मामा, जो येईल त्याच्यासोबत आम्ही सुरुवात करतो. वडिलांशी फोनवर बोलतो, तेही रात्री आठच्या आत. त्यानंतर फोनवरचे बोलणे सकाळी त्यांच्या लक्षात राहत नाही.

कायदा पालकांना कुठे उभे करतो

कायद्यानेही पालकांना बाजूला ठेवलेले नाही, हे फार कुणाला माहीत नसते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही येतात. या कायद्याच्या कलम 87 नुसार अल्पवयीनाला केवळ अपवादात्मक परिस्थितीत दाखल करता येते, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि त्याचा प्रतिनिधी (सामान्यतः आई किंवा वडील) किंवा त्याने नेमलेली व्यक्ती दाखल असण्याच्या पूर्ण काळात मुलासोबत राहिली पाहिजे. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबत स्त्री असणे बंधनकारक आहे. म्हणजे 'मुलगा आमच्याकडे सोडा आणि तीन महिन्यांनी या' असे सांगणारे केंद्र नेमके कायद्याच्या विरुद्ध बोलत असते. आमच्या त्या पहिल्या प्रकरणात हे कलम आम्हीही वाचलेले नव्हते. मुलाला कुठेही नेण्याआधी नोंदणीचे प्रमाणपत्र मागा, मुलांची खोली वेगळी आहे का ते स्वतः पाहा, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात ते विचारा. भेटू देत नसतील तर तिथून निघा.

मुलगा चोरी किंवा मारामारीत सापडला आणि बाल न्याय मंडळासमोर गेला, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 18 मंडळाला मुलाचे आणि त्याच्या आई-वडिलांचेही समुपदेशन करून त्याला घरी पाठवण्याचा अधिकार देते. व्यसनमुक्ती कार्यक्रमाला जाण्याचा आदेशही त्याच कलमाखाली देता येतो. याच कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्यानेच मनाई आहे. पालकांच्या बैठकीत हे वाचून दाखवले की प्रत्येक गावात एका विशिष्ट टपरीचे नाव निघते. ग्रामसभेत ते नाव घ्यायला मात्र लोक कचरतात, कारण टपरीवाला कुणाचा तरी भाऊबंद असतो.

वस्तीतली लाज

आमच्या समाजात या विषयाला आणखी एक पदर आहे. आपण दर वंदनेत पाचवे शील घेतो. 22 प्रतिज्ञांमध्येही दारूपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आहे. ही आपली मोठी ताकद आहे. पण तिच्यामुळेच ज्या घरात पोर नशा करते ते घर तोंड लपवते. सुरुवातीला आम्ही पालकांची बैठक विहारात घेतली. कुणीच आले नाही. नंतर एका आईने खासगीत सांगितले, "जो येईन त्याचं पोर पेते, असंच समजतीन ना लोक." पुढच्या वेळी आम्ही 'दहावीनंतर काय' या विषयावर शाळेत बैठक ठेवली आणि शेवटचा अर्धा तास या विषयाला दिला. तेवीस पालक आले. त्यातले पाच जण बैठक संपल्यावर घुटमळत थांबले.

सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांची मुलांबाबतची कर्तव्ये सांगताना मुलाला वाईटापासून परावृत्त करणे हे पहिले कर्तव्य मोजले आहे. त्याच सुत्तात मित्र ओळखावेत कसे, यावरही बरेच सांगितले आहे. विहारात यावर बोलायला हरकत नाही. फक्त ज्या घरात हा प्रश्न आहे त्या घराकडे बोट जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.

कुठे जावे

बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सेवा आहे, तिथे शासकीय दरात तपासणी होते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असते, त्याचा दिवस आशाताईंना विचारावा. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक 14446 आहे, अनुदानित केंद्र जवळ कुठे आहे ते तिथे विचारता येते. मन फार खचले असेल, जिवाचे बोलणे निघत असेल तर टेलिमानस 14416. मूल स्वतः संकटात असेल तर 1098.

पहिल्या भेटीला जाताना मुलाची शाळेची गुणपत्रिका, आधीची औषधे आणि चिठ्ठ्या बरोबर घ्या. मुलाला फसवून, 'मामाकडे जाऊ' असे सांगून नेऊ नका. खरे सांगा, तो नाही म्हणाला तर तुम्ही एकटे जा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी पुष्कळ मुले येतात. वर ज्या वडिलांना मुलाशी काय बोलावे ते सुचत नव्हते, त्यांचा मुलगा चौथ्या भेटीला आला. दोघे एकाच मोटारसायकलवर आले होते आणि गाडी मुलगा चालवत होता. लायसन्सच्या वयाचा तो नव्हता, त्यावरही आम्हाला बोलावे लागले.